श्रीरामपूरचा झहीर, वूस्टरचा झहीर

मराठी मुलखाची ऑल टाइम इलेव्हन काढायची म्हटली की बॅटिंगला नुसती गर्दी होते. गावसकर, सचिन, वेंगसरकर, वाडेकर, विजय हजारे, चंदू बोर्डे, मग मांजरेकर बाप घ्यायचा का मुलगा यावर अर्धा तास भांडण, आणि सहाव्या-सातव्या नंबरपर्यंत येईस्तोवर सगळे दमलेले असतात. फास्ट बॉलर कोण असं विचारलं की कुणीतरी आगरकर म्हणतं, जुनी मंडळी असतील तर रमाकांत देसाई म्हणतात, आणि मग गाडी अडते. झहीर खानचं नाव आपणहून फार कमी लोक घेतात. आपण सुचवलं की मग "अरे हो की, तो पण आपलाच ना" असं येतं. आपलाच ना म्हणजे काय! श्रीरामपूरचा आहे तो, मराठी शाळेत शिकलेला, मुलाखतीत अजून झकास मराठी बोलतो. आडनाव खान म्हणून विसरतात का रणजी बडोद्याकडून खेळला म्हणून विसरतात, ज्याचं त्यानं ठरवावं. मला तर वाटतं दोन्ही आहे.

पण आज लिहायचंय ते वेगळंच. माझं म्हणणं असं की झहीर खान या नावाचे दोन बॉलर होऊन गेले. एक २००० साली आला तो, उंच उडी मारून यॉर्कर टाकणारा पोरगा, आणि दुसरा २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका काउंटीत (म्हणजे तिकडच्या रणजीसारख्या स्पर्धेतल्या टीममध्ये) तयार झालेला. आपल्याला आठवतो बहुतेक पहिला, आणि खरा मोठा होता दुसरा.

तर श्रीरामपूर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं) तालुक्याचं गाव, दौंड-मनमाड लाइनवर, ऊस आणि साखर कारखान्यांचा पट्टा. रेल्वेनं गेलात तर स्टेशनवर पाटी बेलापूरची दिसेल, नवी माणसं हमखास गोंधळतात, त्यामुळे डब्यात शेजारच्याला विचारूनच उतरायचं. ७ ऑक्टोबर १९७८ ला झहीर इथं जन्मला. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात असतं तसं घर, जिथं पोरगा हुशार निघाला की त्याचं इंजिनीअर व्हायचं आधीच ठरलेलं असतं. हा खरंच हुशार होता, लोणीला प्रवराच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला ॲडमिशन पण झाली. क्रिकेट म्हणजे टेनिस बॉल. आमच्या भागात अजून तेच आहे, गावोगाव टेनिस बॉलच्या टुर्नामेंट, बक्षिसाला ढाल नाहीतर रोख रक्कम, लाउडस्पीकरवर कॉमेंट्री करणारा एक गडी, आणि प्रत्येक टीममध्ये एक तरी पोरगा असा की त्याचा बॉल दिसतच नाही. त्यातल्या बहुतेकांचं पुढं काहीही होत नाही. झहीरच्या बाबतीत फरक पडला तो वडिलांमुळे. देशात इंजिनीअर पुष्कळ आहेत, तू फास्ट बॉलर हो, अशा अर्थाचं ते बोलले असं स्वतः झहीरनंच बऱ्याचदा सांगितलंय. नव्वदच्या दशकात नगर जिल्ह्यातल्या एका बापानं पोराला इंजिनीअरिंग सोड आणि बॉलिंग टाक म्हणणं, हे ऐकायला गंमत वाटते पण विचार करा तुमच्या घरी काय झालं असतं.

सतराव्या वर्षी मुंबई. नॅशनल क्रिकेट क्लब, तिथं सुधीर नाईक. हे नाईक म्हणजे १९७४ मध्ये भारताकडून कसोटी खेळलेले ओपनर, पुढं वानखेडेची पिच पण त्यांनीच सांभाळली. सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा खरा बॉल, हातात नीट बसला तो इथं. क्लबच्या एका फायनलमध्ये सात विकेट काढल्या, मुंबईच्या अंडर-१९ मध्ये नाव आलं, आणि मग टी. ए. शेखर यांची नजर पडली आणि ते त्याला चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये, फास्ट बॉलर घडवायच्या शाळेतच म्हणा, घेऊन गेले, जिथं ऑस्ट्रेलियाचा जुना फास्ट बॉलर डेनिस लिली शिकवायला यायचा. मुंबईच्या सीनियर टीममध्ये तेव्हा जागा मिळणं अवघड, म्हणून बडोदा. २०००-०१ ची रणजी फायनल बडोद्यानं रेल्वेला २१ रननी हरवून जिंकली आणि ती जवळपास याच्या एकट्याच्या बॉलिंगवर जिंकली. म्हणजे रूट बघा, श्रीरामपूर, मुंबई, चेन्नई, बडोदा. महाराष्ट्राच्या रणजी टीमचा यात कुठं पत्ताच नाही, जिल्हा आपला असून. यावर मी जास्त बोलत नाही, बीपी वाढतं.

ऑक्टोबर २०००, नैरोबी, आयसीसी नॉकआउट. मॅच फिक्सिंगचा चिखल नुकताच झाला होता, गांगुली नवा कॅप्टन, लोकांचा क्रिकेटवरचा विश्वास उडालेला. त्या टीममध्ये दोन नवी पोरं, एक युवराज आणि एक झहीर. ऑस्ट्रेलियाविरुद्धची क्वार्टर फायनल ७ ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर याच्या बाविसाव्या वाढदिवसाला. युवराजनं ८४ केले आणि ते सगळ्यांना पाठ आहेत. पण माझ्या पिढीच्या डोळ्यासमोर अजून येतो तो स्टीव्ह वॉला टाकलेला यॉर्कर. स्टीव्ह वॉ, ज्याला कुणी हलवू शकत नाही असा माणूस, त्याच्या बॅटखालून बॉल गेला आणि स्टंप उडाले. आपला बॉलर, फास्ट, लेफ्टी, आणि यॉर्करवर वॉ बोल्ड! आम्हाला सवय होती श्रीनाथची, बिचारा दिवसभर मान खाली घालून बॉलिंग टाकणार आणि स्लिपमध्ये कॅच सुटणार. हे काहीतरी वेगळंच होतं. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला कसोटी पदार्पण, आणि ती बांगलादेशची पण पहिलीच कसोटी. डिसेंबरमध्ये जोधपूरला झिम्बाब्वेविरुद्ध शेवटच्या ओव्हरमध्ये हेन्री ओलोंगाला लागोपाठ चार सिक्स, ११ बॉलमध्ये नाबाद ३२. ती मॅच आपण एका विकेटनं हरलो हे कुणाला आठवत नाही, चार सिक्स आठवतात. चालायचंच.

पहिल्या झहीरचा रनअप आठवतो का? लांबून पळत यायचं आणि क्रीझजवळ आल्यावर एक मोठी उडी, अंग मागं वाकवून, आणि मग सगळी ताकद एकदम खाली. बघायला भारी, पण शरीराची वाट लावणारी. टेनिस बॉलवाले सगळे असेच टाकतात, हलका बॉल असतो ना, पूर्ण अंग झोकून दिल्याशिवाय स्पीड येत नाही. दिवसाला वीस ओव्हर असं टाकायचं म्हणजे मांडीचा स्नायू, खांदा, पाठ सगळं आळीपाळीनं बोलायला लागणार, आणि तसंच झालं.

त्याआधी २००३ चा वर्ल्ड कप. १८ विकेट. सेंच्युरियनला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्याच ओव्हरमध्ये दोन विकेट, मॅचमध्ये ४२ रनमध्ये ४. श्रीनाथ, झहीर, नेहरा, असं त्रिकूट भारताकडं त्याआधी कधी होतं मला तरी आठवत नाही. आणि मग २३ मार्च, जोहान्सबर्ग, फायनल. गांगुलीनं टॉस जिंकून फील्डिंग घेतली. पहिली ओव्हर झहीर. नो बॉल, वाइड, मॅथ्यू हेडनशी बाचाबाची, दहा बॉलची ओव्हर झाली आणि १५ रन गेले. टीव्हीसमोर सगळे गप्प. अजून ४९ ओव्हर शिल्लक होत्या पण काहीतरी बिघडलंय हे शेंबड्या पोराला पण कळत होतं. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९, झहीर ७ ओव्हर ६७ रन विकेट शून्य. त्या एका ओव्हरवरून लोकांनी त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं, आमच्या गल्लीत तर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मला विचाराल तर २४ वर्षाचा पोरगा वर्ल्ड कप फायनलची पहिली ओव्हर टाकतोय, समोर हेडन-गिलख्रिस्ट, आणि तो अंगात आल्यासारखा टाकायला गेला. जास्त जोर लावला की बॉल ऐकत नाही. त्याला तेव्हा जोर लावण्यापलीकडं दुसरं काही येतच नव्हतं हा खरा प्रॉब्लेम.

पुढची दोन-तीन वर्षं म्हणजे रडगाणं. २००३ च्या शेवटी ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाच विकेट काढल्या, वाटलं चला आता, तर लगेच हॅमस्ट्रिंग. ॲडलेडची ती ऐतिहासिक जीत याच्याशिवायच झाली. मग परत येणार, परत दुखणार. पुढच्या डिसेंबरात ढाक्याला अकराव्या नंबरवर येऊन ७५ मारले, सचिनबरोबर दहाव्या विकेटला १३३, ते ७५ म्हणजे अकराव्या नंबरच्या बॅट्समनचा तेव्हाचा कसोटी विक्रम. मजा आली बघायला, सचिन त्या इनिंगमध्ये २४८ नाबाद होता. पण फास्ट बॉलरच्या नावावर वर्षभरातली लक्षात राहणारी गोष्ट बॅटिंगची असेल तर काय समजायचं ते समजा. इकडं इरफान पठाण आला, लेफ्टी, स्विंग, गोड चेहरा, सगळा देश त्याच्यावर फिदा. मग आर. पी. सिंग, तो पण लेफ्टी. श्रीसंत, मुनाफ रांगेत. ग्रेग चॅपेल कोच. २००५ च्या शेवटी बोर्डाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पण झहीरची ग्रेड खाली गेली, टीममधून बाहेर. वय २७. लोकांनी धरूनच चाललं की झालं, संपला.

आणि आता माझा आवडता भाग.

२००६ च्या एप्रिलमध्ये हा माणूस वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. वूस्टरचं मैदान म्हणजे न्यू रोड, शेजारी सेव्हर्न नदी, समोर कॅथेड्रल, पाऊस जोरात झाला की ग्राउंडवर नदीचंच पाणी येतं. टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. कॅमेरे नाहीत, जाहिराती नाहीत, स्टँडमध्ये थर्मास आणि पेपर घेऊन बसलेले म्हातारे. परदेशी प्रोफेशनल म्हणून पैसे देऊन आणलाय, तर आठवड्यामागून आठवडे बॉलिंग टाक, विकेट काढ, बस. इंडियाच्या टीममध्ये बॉलर दुखावला की फिजिओ, स्कॅन, बातम्या, इथं तुम्ही पगारी माणूस, सोमवारी एका गावात तर पुढच्या मॅचला दुसऱ्या गावात, बॅग स्वतः उचलायची.

पहिल्याच मॅचला सॉमरसेटविरुद्ध दहा विकेट. वूस्टरशायरकडून पदार्पणात दहा विकेट घेणारा शंभरहून जास्त वर्षांत कुणी झाला नव्हता. जूनमध्ये एसेक्सविरुद्ध चेम्सफर्डला एका इनिंगमध्ये १३८ रनमध्ये ९ विकेट. सीझनअखेर काउंटी चॅम्पियनशिपमध्ये ७८ विकेट, वूस्टरशायर वरच्या डिव्हिजनमध्ये. तिकडच्यांनी त्याचं नाव झिपी झॅकी ठेवलं होतं.

पण आकडे सोडा. त्यानं तिथं केलं काय ते महत्त्वाचं. रनअप कमी केला. ती मोठी उडी काढून टाकली. काढून टाकली म्हणजे काय हे ज्यांनी बॉलिंग टाकलीय त्यांनाच कळेल, लहानपणापासून अंगात बसलेली गोष्ट असते ती, पाय आपोआप उचलला जातो. ती मोडायची, स्पीड थोडा कमी होणार हे मान्य करायचं, आणि त्या बदल्यात बॉल कुठं पडतोय यावर ताबा मिळवायचा. २७ व्या वर्षी, टीमबाहेर असताना, स्पीड कमी झाला तर लोक परत म्हणणार की संपला, तरी. वर इंग्लंडमध्ये वापरतात तो ड्यूक बॉल, त्याची शिवण उभी राहते, बराच वेळ हलतो, पण नुसता जोरात टाकून हलत नाही, मनगट सरळ ठेवून शिवण उभी सोडावी लागते. रोज तेच, रोज तेच. एक सीझनभर एवढ्या ओव्हर टाकल्यावर कुठल्या बॅट्समनचा पुढचा पाय कुठं पडतो हे वाचायची सवय पण लागली असणार, कारण नंतरच्या झहीरमध्ये ते स्पष्ट दिसतं. आपल्याकडे काउंटीला जाणं म्हणजे लोकांना वाटतं हवापालट. हा तिथं कामगारासारखा राबला.

वर्षाअखेर साऊथ आफ्रिका टूरला परत घेतलं. जोहान्सबर्गला आपण तिथली पहिलीवहिली कसोटी जिंकलो, साऊथ आफ्रिका ८४ ऑल आउट, श्रीसंतच्या त्या पाच विकेट सगळ्यांना आठवतात, दुसऱ्या एंडनं झहीर होता. आणि ग्रॅमी स्मिथ! स्मिथ म्हणजे डोंगराएवढा लेफ्टी ओपनर, भल्याभल्यांना लेगला ढकलून चौकार काढायचा, पण झहीर समोर आला की त्याला काही सुधरायचंच नाही. सगळे फॉरमॅट धरून डझनाहून जास्त वेळा काढलाय त्याला. लेफ्टी समोर असला की झहीर राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या दुसऱ्या बाजूनं, यायचा, बॉल आत येतोय असं वाटायचं आणि टप्पा पडून बाहेर निघायचा, बॅट्समन खेळावं का सोडावं यात अडकायचा.

मग २००७ चं इंग्लंड. लॉर्ड्सची कसोटी पावसानं वाचवली, दुसरी ट्रेंट ब्रिजला, नॉटिंगहॅम. पहिल्या इनिंगमध्ये झहीरनं ४ काढल्या, इंग्लंड १९८, आपण ४८१. झहीर बॅटिंगला आला तर क्रीझवर जेली बीन पडलेली, त्या रंगीत गोळ्या लहान पोरांच्या. त्यानं बाजूला सारली, खेळला, परत बघतो तर अजून एक. म्हणजे कुणीतरी फील्डर मुद्दाम टाकतोय. हा भडकला, बॅट रोखून सरळ गलीत उभ्या केविन पीटरसनकडं गेला. पीटरसन म्हणतोय मी नाही, मी नाही. खरंच तो नसावा, पण चिडलेल्या माणसाला समोर जो दिसेल तो.

आता बघा, हाच माणूस २००३ मध्ये चिडून बॉलिंगला आला तेव्हा काय झालं होतं. आणि इथं? दुसऱ्या इनिंगमध्ये मायकेल वॉन सेंच्युरी मारून आरामात खेळत होता, कॉलिंगवूड साथीला, मॅच निसटायला लागली होती. नवा बॉल आला. वॉन १२४ वर, बॉल मांडीला लागून स्टंपवर. नशीब म्हणा. पण त्याच्यानंतर इयन बेल आला आणि शून्यावर एलबी, ते नशीब नव्हतं. ७५ रनमध्ये ५ विकेट, मॅचमध्ये ९, आपल्याला ७३ चं टार्गेट, सात विकेटनी जिंकलो, आणि पुढं सिरीज १-०. इंग्लंडमध्ये सिरीज जिंकली ती १९८६ नंतर पहिल्यांदा. तीन कसोटीत झहीरच्या १८ विकेट. राग तोच होता, फक्त आता तो रागाचा बॉलमध्ये उपयोग करत होता, आणि एक पण बॉल वाया जात नव्हता. दुसऱ्या वर्षी विस्डेननं, म्हणजे इंग्लंडच्या त्या जुन्या क्रिकेट वार्षिकानं, त्याला क्रिकेटर ऑफ द इयरमध्ये घेतलं.

रिव्हर्स स्विंगबद्दल थोडं, कारण ही त्याची खरी कमाई. बॉल जुना झाला की एक बाजू घासून-पुसून चकचकीत ठेवायची, दुसरी कोरडी खरबरीत, मग नेहमीच्या उलट्या दिशेला वळतो, आणि उशिरा वळतो. बॅट्समनकडं बचावाचा एकच मार्ग, रनअपमध्येच बॉलरच्या हाताकडं बघायचं की चकाकी कुठल्या बाजूला आहे. झहीरनं काय करावं, पळत येताना दुसऱ्या हातानं बॉल झाकायला सुरुवात केली. इतकं साधं! शेवटच्या क्षणापर्यंत बॅट्समनला कळणार नाही आत येतोय का बाहेर जातोय. जेम्स अँडरसननं सांगितलंय की रिव्हर्सच्या बाबतीत तो झहीरकडं बघून शिकला. अँडरसन! आपल्याकडं इंग्लंडवरून लोक शिकून यायचे, हा शिकून आला आणि त्यांनाच शिकवून बसला. २००८ मध्ये ऑस्ट्रेलिया इकडं आली तेव्हा झहीर आणि इशांतनं जुन्या बॉलनं त्यांची जी दैना केली ती आठवा, बंगलोरला तर ५ विकेट आणि वर नाबाद ५७.

आणि नकल बॉल. पहिल्या दोन बोटांची पेरं दुमडून बॉल त्यांच्यावर टेकवायचा, हात पूर्ण स्पीडनं फिरतो पण बॉलच्या मागं जोरच नसतो, आणि फिरकी पण नसते, त्यामुळं हवेत मध्येच थांबल्यासारखा येतो. २०११ च्या वर्ल्ड कपला त्यानं तो बाहेर काढला. चेन्नईला वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ ८१ वर सेट होता, बॅट फिरवून झाली तरी बॉल यायचाच होता. अहमदाबादला क्वार्टर फायनलमध्ये माइक हसी बोल्ड.

पण माझ्यासाठी त्या वर्ल्ड कपची ओव्हर म्हणजे बंगलोरची, इंग्लंडविरुद्ध. आपण ३३८ केलेले. इंग्लंड २ बाद २८०, बेचाळीस ओव्हर झालेल्या, स्ट्रॉस १५८, बेल ६९, बॅटिंग पॉवरप्ले (बाउंड्रीवर फील्डर कमी) चालू, आपल्या बॉलरना पार धुतलेलं, लोक स्टेडियममधून उठायला लागलेले. धोनीनं बॉल झहीरला दिला. बेल मारायला गेला, कोहलीकडं कॅच. पुढचाच बॉल, जुना, यॉर्कर, स्ट्रॉसच्या पॅडवर, एलबी. दोन ओव्हरनंतर कॉलिंगवूड बोल्ड. मॅच टाय झाली. स्कोअरकार्डवर दिसतं ६४ रनमध्ये ३, कुणी म्हणेल त्यात काय विशेष. अहो ती मॅच गेलेली होती!

फायनलचं सगळ्यांना माहीतच आहे, २ एप्रिल, वानखेडे. पहिला स्पेल पाच ओव्हर, तीन मेडन, सहा रन, एक विकेट, थरंगाचा कॅच सेहवागनं स्लिपमध्ये घेतला. शेवटच्या ओव्हरमध्ये जयवर्धने आणि परेरानं धुतलं ते पण खरं, १० ओव्हरमध्ये ६० गेले. पण ती सुरुवात बघताना मला सारखं जोहान्सबर्ग आठवत होतं, आणि त्याला पण आठवत असणारच, कितीही नाही म्हटला तरी. पूर्ण स्पर्धेत २१ विकेट, आफ्रिदीबरोबर सगळ्यात जास्त. वर्ल्ड कपमधल्या एकूण ४४, श्रीनाथएवढ्याच बरोबर.

यानंतरचं मी पटकन उरकतो कारण लिहायला बरं वाटत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉर्ड्सला साडेतेरा ओव्हरमध्ये १८ रन देऊन दोन विकेट, सुंदर टाकत होता, आणि हॅमस्ट्रिंग धरून बाहेर. सिरीज ४-० गेली. तो उभा असता तर निकाल फिरला असता असं मी म्हणत नाही, पण ४-० नसतं झालं. धोनीच्या टीममध्ये बॉलिंगचा कॅप्टन अघोषित हाच होता, मिड-ऑफला उभा राहून इशांतला, प्रवीण कुमारला प्रत्येक बॉलमागं काहीतरी सांगणार. तो माणूसच गेल्यावर बाकीचे सैरभैर झाले. २०१३ मध्ये युवराजबरोबर फ्रान्समध्ये ब्रीव्हला जाऊन राहिला, फिटनेससाठी, वजन उतरवून आला, आणि डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गलाच (बघा परत तेच गाव) कॅलिसला काढून कसोटीतल्या ३०० विकेट पुऱ्या केल्या.

शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४, वेलिंग्टन. मॅक्युलमचे ते ३०२. आपण त्याचे कॅच सोडले आणि मग दोन दिवस पळत बसलो. पस्तीस वर्षांचा झहीर त्या इनिंगमध्ये ५१ ओव्हर टाकत होता. एक्कावन्न! ज्याच्याबद्दल आपण दहा वर्षं म्हणत होतो की याचं शरीर साथ देत नाही. १७० रन गेले, ५ विकेट मिळाल्या, आणि मॅक्युलमला शेवटी यानंच काढला, कॅच धोनी. एकूण ९२ कसोटी, ३११ विकेट, वनडेत २८२. गंमत म्हणजे इशांत पण बरोबर ३११ वर थांबलाय, पण १०५ कसोटीत. ॲव्हरेज काढून कुणी सांगतं की ३२.९४ म्हणजे काही ग्रेट नाही, तर त्यांना एवढंच सांगतो की त्यातली पहिली पाच-सहा वर्षं वेगळी काढा आणि मग बोला. ऑक्टोबर २०१५ मध्ये रिटायर झाला. मग दिल्लीची कॅप्टनशिप, मुंबई इंडियन्सचं काम, लखनौचा मेंटॉर, २०२० मध्ये पद्मश्री, लग्न कोल्हापूरच्या सागरिका घाटगेशी, म्हणजे सासुरवाडीपण मराठीच.

आता कुणी म्हणेल श्रीनाथ मोठा का झहीर. स्पीडमध्ये श्रीनाथ, प्रश्नच नाही, आणि श्रीनाथला झहीरच्या वेळचे स्लिप फील्डर मिळाले असते तर त्याचे आकडे पण वेगळे दिसले असते. बुमराह तर या सगळ्यांच्या वरचा, त्यात वाद नको. पण जुना बॉल, पाटा पिच, दोन लेफ्टी सेट झालेत आणि कॅप्टनला काही सुचत नाहीये अशी वेळ असेल तर मी बॉल झहीरला देणार, दुसऱ्या झहीरला, उडी न मारणाऱ्या. पटत नसेल तर ट्रेंट ब्रिजची दुसरी इनिंग मिळवून बघा, पण नुसत्या विकेट बघू नका. बेलची विकेट पडायच्या आधीचे ओव्हर बघा, वॉन आणि कॉलिंगवूड खेळतायत, काहीच होत नाहीये, आणि हा प्रत्येक बॉल टाकून झाल्यावर मागं जाताना बॉल पँटला घासतोय, एकच बाजू.